खडूच्या टेकडीवर जाण्याआधी

ॲस्टन रोवंटला जायचं तर आधी महिना ठरवा, पिशवी नंतर भरा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरच्या सीमेवरच्या, खडूच्या म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या या चिल्टर्न टेकड्यांवर ऑर्किड बघायचे असतील तर जून, निळी चॉकहिल ब्लू फुलपाखरं हवी असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट. चिल्टर्न जेन्शनची जांभळी फुलं ऑगस्टच्या उत्तरार्धात येतात. माझं मत विचाराल तर ऑगस्टच.

पिशवीत सगळ्यात आधी गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. साताऱ्याच्या कास पठारावर आपल्याला नजर लांबवर टाकायची सवय असते. मीही पहिल्यांदा इथे तासभर उभ्यानेच हिंडले आणि फुलं फारशी नाहीत असं वाटलं. गुडघे टेकल्यावर कळलं. चांगल्या गवताळ जागी एका चौरस मीटरमध्ये ३०-४० जातीची झाडं असतात, त्यातली कितीतरी बोटभर उंचीची. खडूवरची माती पातळ आणि निकस, पाणी पटकन झिरपून जातं, म्हणून कुठलंच गवत माजत नाही. उरलेलं काम मेंढ्या आणि ससे करतात. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ ब्रिटनमध्ये आली, ससे मेले, गवत वाढलं आणि आखूड गवतावर अंडी घालणारं सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर फुलपाखरू अनेक टेकड्यांवरून गेलं. इथे ते अजून आहे. म्हणून चरणाऱ्या मेंढ्या आतच राहाव्यात यासाठी फाटक बंद दिसलं तर आपल्यामागे बंदच करा.

बसायला मऊ उंचवटा दिसेल, त्यावर बसू नका. ते पिवळ्या मुंग्यांचं वारूळ आहे. चॉकहिल ब्लूच्या अळ्यांची राखण मुंग्याच करतात.

लांब पँट घाला, तिची टोकं मोज्यात खोचा, गोचीड काढायचा चिमटा ठेवा. घरी आल्यावर अंग नीट तपासा, लाइम नावाचा आजार गोचिडांतूनच होतो. बूट पकड असलेले हवेत, ओला खडू साबणासारखा निसटतो. उतारावर सावली नाही. टोपी आणि पाणी भरपूर घ्या. दुर्बीणही घ्या, वर रेड काइट घिरट्या घालत असतात. इंग्लंडमधून नाहीशा झालेल्या या घारी १९८९ पासून स्पेनहून आणून चिल्टर्नमध्ये सोडल्या.

गाडी नसेल तर लंडनहून ऑक्सफर्डला जाणारी ऑक्सफर्ड ट्यूब बस लूकनॉर गावाजवळ थांबते, तिथून चालत. परतीच्या वेळा सकाळीच बघून ठेवा, पण संध्याकाळची बस धरा. ऊन उतरलं की चॉकहिल ब्लू गवताच्या काड्यांवर डोकं खाली करून झोपायला बसतात, एकेका जागी कितीतरी. तेव्हा सतरंजी पुन्हा काढा.