मत्स्यटाकीतील पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) हळूहळू उतरवा
नाशिक परिसरातील बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येत असल्याने त्यात बायकार्बोनेटचे (आम्लाचा परिणाम मारणाऱ्या क्षाराचे) प्रमाण सहसा जास्त असते, आणि म्हणूनच लिंबू किंवा व्हिनेगर घालून उतरवलेला सामू थोड्याच वेळात पुन्हा चढतो. हा चढउतार माशांना मूळच्या जास्त सामूपेक्षाही घातक ठरतो. त्याऐवजी दर आठवड्याला पाणी बदलताना नव्या पाण्यात थोडे आरओचे शुद्ध पाणी मिसळावे. आरओमधून वाया जाणारे पाणी मात्र वापरू नये, कारण ते अधिकच जड (क्षारयुक्त) असते. पाणी असे सौम्य झाल्यावर देशी बदामाची गळलेली, तांबूस, कडकडीत वाळलेली पाने धुऊन ४० लिटरला एक या प्रमाणात टाकावीत. पाण्याला चहासारखा रंग चढतो, तो निर्धोक आहे. गप्पी आणि मोली यांना जड पाणीच मानवते, त्यांच्या टाकीत हा खटाटोप करूच नये.