एम्युलेटर सुरू होत नाही? विंडोज फॉरमॅट करायच्या आधी या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेअकराला कोपरखैरण्याहून भाच्याचा फोन. "मामा, प्लेस्टेशनचा एम्युलेटर चालतच नाहीये. तीनदा इन्स्टॉल केला. आता विंडोजच फॉरमॅट मारतो." (एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम.)

"स्क्रीनवर काय येतंय?"

"काहीतरी इंग्लिशमध्ये येतं. मी ओके करतो."

मला डोकं आपटायचं असतं ते इथे. त्या छोट्या चौकटीत बहुतेक वेळा हवी ती फाइल नावासकट लिहिलेली असते, आणि नवशिके ती माशी हाकलावी तशी हाकलतात. ओके दाबायच्या आधी मोबाइलने फोटो काढा. मी आजही काढतो.

रविवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून गेलो. भावजींच्या जुन्या, ओरिजिनल डिस्क भाच्याने नीट रिप केल्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक गेमची एक बिन फाइल, जिच्यात गेमचा डेटा असतो, आणि एक क्यू फाइल, सगळं जागच्या जागी. मग साहेबांना टापटीप सुचली. बिनचं लांबलचक नाव खटकलं म्हणून ती झाली 'रेसिंग'. क्यू मात्र तशीच राहिली.

ताईने पोहे आणून ठेवले, मी क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ती साधी मजकुराची फाइल असते, जेमतेम काही ओळींची. पहिल्याच ओळीत अवतरणचिन्हांत बिनचं नाव, खाली कोणता ट्रॅक कुठून सुरू होतो त्याचा हिशोब. एम्युलेटर बिचारा जुन्या नावाची फाइल शोधत होता आणि ती सापडत नाही असं दर वेळी सांगतही होता. नाव पूर्ववत केलं, गेम सुरू. पोहे गरम होते तोवर.

यावर कुणीतरी त्याला आधीच शॉर्टकट सांगितला होता: 'क्यू सोड, थेट बिन उघड.' चालतंही ते. गाडी पळते, पण गाणी गायब! बऱ्याच जुन्या गेमचं संगीत डिस्कवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असतं आणि ते ट्रॅक कुठे आहेत हे फक्त क्यूला ठाऊक. मग लोक दोन दिवस साउंड कार्डचा ड्रायव्हर शोधत बसतात.

नाव बदलायची एवढीच हौस असेल तर क्यूच्या आतलं नावही बदला. नोटपॅडने सेव्ह करताना शेपटीला 'टीएक्सटी' चिकटवलं नाही ना तेही बघा; विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, ते पहिल्याच दिवशी दिसेलसं करून घ्या. मी स्वतः मेम (MAME) या एम्युलेटरसोबत मिळणाऱ्या सीएचडीमॅन नावाच्या छोट्या प्रोग्रामने दोन्हीची मिळून एकच सीएचडी फाइल करून टाकतो. मग तिला काहीही नाव द्या. फोल्डरची नावं मात्र इंग्रजीत ठेवा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण काही जुने एम्युलेटर देवनागरी दिसली की हातपाय गाळतात.

दुसरी माझी नावडती चूक डीएलएलची, म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणाऱ्या सहायक फाइलची. 'व्हीसीरनटाइम १४०' किंवा 'एमएसव्हीसीपी १४०' सापडत नाही असं आलं, की लोक त्याच नावाने सर्च मारून पहिल्या साइटवरून फाइल उचलतात आणि विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये टाकतात. एम्युलेटर एक मिळाली की दुसरी मागतो, दुसरी मिळाली की तिसरी. त्यातून व्हायरस आला तर फुकट. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, ६४ बिटचं, आणि मशीन रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम.

बाकीच्या चुका पटापट. झिपच्या आतूनच प्रोग्राम चालवू नका, आधी एक्स्ट्रॅक्ट करा. एम्युलेटर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे सेटिंग लिहायला परवानगी अडते; माझं सगळं डी ड्राइव्हवर असतं. बायोस म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याचा मूळ प्रोग्राम; प्लेस्टेशन १ चं बायोस ५१२ केबीचं, प्लेस्टेशन २ चं साधारण ४ एमबीचं. आकार भलताच असेल तर फाइल अर्धवट आहे किंवा अजून झिपमध्येच आहे. बायोस एम्युलेटरसोबत येत नाही कारण त्यावर सोनीचा कॉपीराइट आहे. ते आपल्याच कन्सोलमधून काढायचं असतं. पीपीएसएसपीपी या प्लेस्टेशन पोर्टेबलच्या एम्युलेटरला बायोस लागतच नाही, उगाच शोधू नका. पडदा काळाच राहिला आणि लॅपटॉप जुना असेल, तर एम्युलेटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये व्हल्कन सोडून डायरेक्ट थ्रीडी ११ निवडा. ४ जीबीपेक्षा मोठी आयएसओ (डिस्कची एका फाइलमधली प्रत) पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट ३२ फॉरमॅटचा आहे, पेनड्राइव्ह खराब नाही.

आणि सेव्ह स्टेटच्या (एम्युलेटरने गेमची त्या क्षणाची घेतलेली नोंद) भरवशावर राहू नका. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. गेमच्या आतून मेमरी कार्डवर सेव्ह करा. हे मी भाच्याला बजावून निघालो होतो. त्याने त्याच रात्री एम्युलेटर अपडेट केला आणि सोमवारी फोन, "मामा, सेव्ह उघडत नाहीये." या वेळी जुनी आवृत्ती परत टाकायला फोनवरच सांगितलं. परत त्या उन्हात रबाळे-घणसोली कोण करणार!