मुलाखत संपल्यावरचं काम

मौखिक इतिहासाच्या, म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून जपणाऱ्या गटात मुलाखती घ्यायला सगळे पुढे असतात. फायली सांभाळायची वेळ आली की माणसं पांगतात. माझ्याकडे हेच मागचं काम असतं, म्हणून थोडं फटकळपणे सांगते.

मूळ फाइल वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा; रेकॉर्डरवर दर्जा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. स्टीरिओला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, लागू दे. ऐकवायला एमपी३ वेगळी काढा. मूळ फाइलीतला खोकला, पंखा, लांबलेली शांतता, काही कापायचं नाही. ३ प्रती करा, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या इमारतीत. रेकॉर्डरचं कार्ड पुसायचं ते त्यानंतरच.

फाइलीच्या नावात तारीख आणि क्रमांक घाला, माणसाचं नाव नको. ते नोंदवहीत. उद्या कुणी ‘माझं नाव येऊ देऊ नका’ म्हटलं, तर शंभर ठिकाणी खोडत बसावं लागत नाही.

खरं डोकं लागतं ते परवानगीला. बोलण्याआधी घेतलेल्या सहीवर माझा फारसा भरवसा नाही. आपण काय बोलून जाणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसतं. आधी रेकॉर्डिंगपुरता होकार घ्या. मुलाखत त्यांना पुन्हा ऐकवा, मग विचारा: सगळ्यांसाठी खुली, फक्त संग्रहात येऊन ऐकण्यासाठी, की अमुक वर्षापर्यंत बंद? एखादा भागच झाकायचा असेल तर मिनिट-सेकंदासह लिहून घ्या. इंटरनेटवर गेलेली गोष्ट पूर्ण परत घेता येत नाही, हेही स्पष्ट सांगा. आणि ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्यांचं काय? शेजाऱ्याचं आजारपण, भावकीतला खटला... बोलणाऱ्याची सही या लोकांच्या वतीने होत नाही. असे भाग खुले करायचे की नाही, ते गटातल्या दोघांनी ऐकून ठरवावं.

शब्दन्‌शब्द उतरवायला वेळ नसेल तर अडून राहू नका. दर ३-४ मिनिटांना एक ओळ, विषय आणि आलेली नावं, एवढी सूची पुरते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या नन सेंटर या मौखिक इतिहास केंद्रात तयार झालेलं ओएचएमएस हे मोफत साधन अशी सूची आवाजाशी जोडतं. ओळीवर टिचकी मारली की नेमका तोच भाग ऐकू येतो. यंत्राने उतरवलेला मजकूर तपासल्याशिवाय लावू नका, आडनावं आणि गावांची नावं त्यात हमखास बिघडतात. बोली मात्र दुरुस्त करायची नाही.

फायलींच्या खात्याचा पासवर्ड एकाच स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलला बांधलेला नको. खातं गटाचं, चाव्या दोघांकडे. वर्षातून एकदा सगळ्या प्रतींचे चेकसम (फाइलीवरून संगणकाने काढलेला आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) जुळवा, आणि चारदोन फायली खरंच लावून ऐका.