शाळेत येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाचा अंदाज कसा बांधावा

नवे तंत्रज्ञान शाळेत शिरते ते बहुधा परिपत्रकाबरोबर किंवा विक्रेत्याच्या बॅगेतून, आणि दोन्ही वेळा निर्णयासाठी जेमतेम आठवडा हाती असतो. गोव्यातील मराठी शाळांना हा आठवडा एका वर्षाइतका वाढवता येतो. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही, एक वही पुरते.

अमेरिकेतील न्यू मीडिया कन्सोर्शियम या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या होरायझन प्रकल्पाची पद्धत येथे उपयोगी पडते. या प्रकल्पाच्या अहवालांत प्रत्येक तंत्रज्ञान वर्षभरात रुळणारे, दोन-तीन वर्षांत रुळणारे किंवा चार-पाच वर्षांनी रुळणारे अशा तीन कप्प्यांपैकी एकात टाकले जाई, आणि शाळांसाठी स्वतंत्र आवृत्ती २००९ पासून निघू लागली. अंदाज चुकतही. २००७ च्या अहवालाने आभासी जगे, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर रचलेली आणि आत वावरता येणारी जगे, दोन-तीन वर्षांत शिक्षणात रुळतील असे मानले होते, ती रुळली नाहीत. तरीही कप्पे करण्याची शिस्त घेण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे ‘हे चांगले की वाईट’ याऐवजी ‘हे आपल्याकडे कधी’ असा प्रश्न पडतो.

मे महिन्याच्या सुटीपूर्वी शिक्षकांची व पालक-शिक्षक संघाच्या दोघा-तिघांची बैठक घ्यावी. पहिल्या फेरीत यंत्रांचे नावही न काढता, वर्गातील सर्वाधिक वेळ कोणत्या कामात जातो ते प्रत्येकाने बिननावी चिठ्ठीवर लिहावे. दुसऱ्या फेरीत त्या कामांसमोर माहितीतली तंत्रज्ञाने मांडून पुन्हा चिठ्ठीनेच कप्पे ठरवावेत. मुख्याध्यापकांनी सर्वांत शेवटी बोलावे, कारण ते आधी बोलले की सर्वांचे मत तेच होते, हा अनुभव बहुतेकांना असेल.

मात्र कप्पा खरा ठरतो तो चाचणीने. मुलांचे प्रकट वाचन ऐकून चुका दाखवणारे एक ॲप आम्ही गेल्या जूनमध्ये तपासले. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या चौथीतील एका मुलीला पाठ्यपुस्तकातील दहा ओळी वाचायला दिल्या. तिने ‘जळण’ स्वच्छ वाचले आणि ॲपने ‘जलन’ लिहून तिचीच चूक दाखवली. पुढे पत्र्यावर पावसाचा जोर वाढला तसे ते गप्पच झाले. मुलीने मात्र उरलेल्या ओळी आवाज चढवून पूर्ण केल्या. आम्ही ॲप नाकारले नाही. त्याला दोन-तीन वर्षांच्या कप्प्यात ठेवले, त्याच दहा ओळी वहीत उतरवल्या, चुकीचे ऐकलेले शब्द मोजून आकडा समोर लिहिला आणि दर जूनमध्ये त्याच ओळी चौथीच्या मुलाकडून वाचून घेण्याचे ठरवले. आकडा किती झपाट्याने उतरतो यावरून कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा अंदाज बांधता येतो.

चाचणी जूनमध्येच घ्यावी, कारण दमट हवा, खंडित वीज आणि क्षीण नेटवर्क यांची गाठ तेव्हाच पडते. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती, हे विसरून चालणार नाही. नेटवर्क गेल्यावर त्या साधनाचे काय काय चालते, ते चाचणीवेळीच पाहून लिहून ठेवावे.

सरकारी कागदही वाचावेत, ते कंटाळवाणे असले तरी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा (संगणकासाठी सूचना लिहिण्याचा) उल्लेख होता. त्यानंतर गोव्यात सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची योजना आली. ज्यांनी धोरण वाचले होते, त्यांना तयारीला अवधी मिळाला. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले तेव्हा मात्र असा अवधी कोणालाच नव्हता. अशा आगंतुकांसाठी वहीत दोन पाने कोरी सोडावीत.

मुलांचे नाव, आवाज किंवा छायाचित्र घेणारे साधन असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या, पडताळून पाहता येईल अशा संमतीची तरतूद आहे. म्हणून संमतिपत्र मराठीत आधीच तयार असावे आणि चाचणीपुरत्या खात्यात मुलाचे खरे नाव घालू नये.

ही वही एखाद्या शिक्षकाच्या पिशवीत राहू नये. ती कार्यालयाच्या कपाटात, हजेरीपटांशेजारी ठेवावी आणि बदली झाली की पदभाराच्या यादीत तिची नोंद करून नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.