जून-जुलैत माझं चॅनेल बंद असतं

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचे दिवस, त्यात दर्या खवळलेला. माझं यूट्यूब चॅनेल मालवणी मासळीचं: संध्याकाळचा लिलाव, मासे निवडणं, कापणं, कालवण, तळलेल्या तुकड्या. परराज्यातली बर्फातली मासळी आणून पावसाळ्यातही व्हिडिओ रेटता येतात आणि पुष्कळ जण रेटतात. मी ते दोन महिने सुट्टीचे धरते. शेजारच्या काकी दरवर्षी न चुकता विचारतात, "काय गो, बंद पडला काय तुजा चॅनेल?"

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगायचंय ते एवढंच, की थकल्यावर सुट्टी घेऊ म्हणाल तर ती कधीच मिळणार नाही. कारण थकलेल्या माणसाकडे सुट्टीची तयारी करायची ताकदच नसते. शूटिंगची तारीख ठरते तशी सुट्टीचीही आधी ठरवायची. आणि तयारी बरीच असते.

सगळ्यांची पहिली भीती म्हणजे अल्गोरिदम, म्हणजे कोणाला कुठला व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यूट्यूबची यंत्रणा, आपल्याला विसरेल. यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनी नोव्हेंबर २०१९मध्ये क्रिएटर्सना लिहिलेल्या पत्रात याच भीतीला उत्तर दिलं होतं. काही दिवसांपासून महिनाभरापर्यंतच्या सुट्ट्या कंपनीने तपासल्या, तर परतल्यावर चॅनेलना सरासरीने आधीपेक्षा जास्त व्ह्यूज मिळाले होते. आता हे सांगणारी कंपनीच आहे, आणि सरासरीत आपलं छोटं चॅनेल कुठे बसतं ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी भरवसा ठेवते तो लेखी नियमावर: सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ व्हिडिओही नाही आणि पोस्टही नाही, तर यूट्यूब मॉनेटायझेशन, म्हणजे चॅनेलवरून कमाई करायची सोय, काढून घेऊ शकतं. दोन महिन्यांची सुट्टी त्यापासून बरीच लांब आहे.

पैशाचं गणित मात्र नीट मांडून बघा, कारण फटका सुट्टीत बसतच नाही. अॅडसेन्सचे, म्हणजे जाहिरातींच्या कमाईचे गूगलकडून येणारे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. म्हणजे मे महिन्याची कमाई जूनअखेरीस हातात येते आणि सुट्टी अगदी मजेत सुरू होते. जूनची कमाई जुलैअखेर, जुलैची ऑगस्टअखेर. नेमकी गणपतीच्या खर्चाच्या तोंडावर पैशाची ओढाताण होते. त्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळे लहान चॅनेलचा एखादा महिना कोराच जातो. दिवाळीच्या आसपास जाहिरातींचे दर चांगले असतात, जानेवारीत ते पडतात. तेव्हा दिवाळीच्या कमाईतला काही भाग मी पावसाळ्यासाठी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्या खात्याचं कार्ड घेतलेलंच नाही.

कमाई पूर्ण थांबते असंही नाही. पाऊस लागला की लोक सुकट, सुके बांगडे, बोंबील शोधायला लागतात आणि जुने व्हिडिओ चालत राहतात. पुढे श्रावण आला की निम्मं महाराष्ट्र मासळीकडे बघत नाही, तेव्हा तसाही उठाव नसतो. प्रत्येक विषयाला असा एक मंद काळ असतो. फराळाच्या रेसिपी करणाऱ्यांना दिवाळी सरल्यावर, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन करणाऱ्यांना परीक्षा उरकल्यावर. आपला कुठला, हे यूट्यूबच्या अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे चॅनेलच्या आकडेवारीत, मागच्या वर्षीचा आलेख काढला की कळतं. सुट्टी तिथे बसवा.

आता सुट्टी म्हणजे काय, तर व्हिडिओ टाकत नाही पण यूट्यूब स्टुडिओ हे चॅनेल सांभाळायचं अॅप दर तासाला उघडतो, ही सुट्टी नव्हे. त्या अॅपमध्ये नवा व्हिडिओ आपल्या शेवटच्या दहांत कितव्या नंबरवर आहे ते दिसतं. '१० पैकी १०' असं दिसलं की जेवण गोड लागत नाही, हे हे काम करणाऱ्या कोणालाही विचारा. शूटिंगने पाय दुखतात, ते रात्री झोपल्यावर थांबतात. हा आकडा झोपेतही चालू असतो. म्हणून सुट्टीत स्टुडिओ फोनवरून काढून टाका, आणि एरवीही तो बघायची वेळ ठरवून घ्या. कमेंट 'तपासणीसाठी थांबवा' या सेटिंगवर ठेवता येतात, नकोसे शब्द आधीच अडवता येतात. माझ्या कमेंट सुट्टीत मावसभाऊ बघतो. तो कोणाशी वाद घालत नाही हा त्याचा मोठा गुण.

'चॅनेल जिवंत राहावं' म्हणून सुट्टीत रोज एक शॉर्ट, म्हणजे छोटासा उभा व्हिडिओ, टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. शॉर्ट पंचेचाळीस सेकंदांचा असला तरी भांडी घासावी लागतात तेवढीच.

घरातूनच काम करणाऱ्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी. आमचा स्टुडिओ म्हणजे घरचं स्वयंपाकघर. कॅमेरा बंद केला तरी दोन वेळचा स्वयंपाक असतोच, मग विश्रांती कसली? हे घरच्यांशी स्पष्ट बोलावं लागतं. ते आपोआप कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे सुट्टीत रात्रीचं जेवण नवरा करतो. पिठलंभात बऱ्याचदा असतो, चालतो. सणांचंही तेच. मोदकांचा व्हिडिओ चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधीच जावा लागतो, तर तो तेव्हाच करून टाकायचा आणि प्रत्यक्ष चतुर्थीला कॅमेरा कपाटात. घरचा गणपती लाइटिंगसाठी थांबवून ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली आहे, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. आपल्या धंद्यात मधल्या लक्षणावर नजर ठेवा. "ताई, कोकम किती घ्यायचं?" या साध्या प्रश्नाचा राग यायला लागला, बघणारी माणसं मूर्ख वाटायला लागली, की ठरलेल्या तारखेची वाट न बघता थांबा. थांबूनही झोप येत नसेल, भूक गेली असेल तर सुट्टीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

जाहिरातदारांना सुट्टीच्या तारखा करारातच लिहून द्या. गणपतीसाठीच्या मसाल्याच्या, तेलाच्या जाहिरातींचे फोन पावसाळ्यातच येतात, आणि "फक्त एक छोटंसं रील" म्हणून सुरुवात होते. तारीख लिहिलेली असली की नाही म्हणताना गळा दाटत नाही. एकदा एक काम त्यामुळे गेलंही. गेलं.

परतताना पहिला व्हिडिओ सोपा ठेवा, हात बसेपर्यंत. माझा बहुतेक वेळा बांगड्याच्या तिखल्याचा असतो, कारण बंदी उठल्यावर बांगडा आवाक्यात येतो आणि तो करताना मला लिहिलेलं बघून बोलावं लागत नाही. त्याचा नंबर दहांत नववा-दहावा आला तरी निदान आठवडाभर काही ठरवू नका.