मधुमेहात अर्धमॅरेथॉनची तयारी करताना या चुका टाळा

टाइप दोनचा मधुमेह जडला म्हणून खेळातले ध्येय सोडून द्यावे लागते, असे मुळीच नाही. ब्रिटनचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाले आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी आपले पाचवे सुवर्णपदक मिळवले. आपल्याकडेही जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या किंवा साताऱ्याच्या घाटातल्या अर्धमॅरेथॉनच्या तयारीला अनेक मधुमेही लागतात. नावनोंदणी होते, सरावाचा तक्ता मिळतो, नवे बूट येतात. पण तो तक्ता औषध देणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवलाच जात नाही. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच उभ्या राहतात.

व्यायामाने स्नायू रक्तातील साखर अधिक प्रमाणात ओढून घेतात आणि हा परिणाम धावणे थांबल्यावरही एक-दोन दिवस टिकू शकतो. मधुमेहासाठी केवळ मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची मात्र उतरू शकते, आणि तीही कधी धावताना, तर कधी त्याच रात्री झोपेत. सराव वाढत असताना औषधाची मात्रा तीच ठेवणे चुकीचे आणि ती मनानेच बंद करणे त्याहून चुकीचे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातून लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जाते. उन्हात लांब पल्ला धावताना, त्यातही उपाशी असताना, त्यांना शोष पडण्याचा धोका असतोच. शिवाय साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये, साचू शकतात. शर्यतीपूर्वी अशा गोळ्या थांबवायच्या का आणि केव्हा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

साखर खाली जाऊ शकेल अशी औषधे चालू असताना पहाटे काहीही न खाता, ग्लुकोमीटरला हात न लावता बाहेर पडणे ही दुसरी नेहमीची चूक. धावण्यापूर्वी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास एखादे केळे खाऊन मगच निघावे. वाटेत हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, डोके जड झाले किंवा उगाच चिडचीड होऊ लागली, तर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये, तिथेच थांबावे. साखर ७० च्या खाली असल्यास तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर छातीतील धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. अशा वेळी घाम हीच खूण मानावी.

याच्या उलट प्रसंगी लोक घाबरतात. घाटातल्या चढावर जोर लावून धावल्यावर साखर आधीपेक्षा वाढलेली दिसते आणि ‘व्यायामाने उलटेच झाले’ असा समज होतो. जोरदार श्रमात ॲड्रेनालिन या संप्रेरकामुळे यकृत साखर सोडते, म्हणून हा आकडा चढतो. तो बहुधा तास-दोन तासांत उतरतो. त्यावर घाईने जादा इन्सुलिन घेणे धोक्याचे आहे. मात्र २५० च्या वर साखर असून मळमळ, पोटदुखी किंवा ताप असेल, तर त्या दिवशी धावू नये.

आठवडाभर बसून रविवारी एकदम १५ किलोमीटर धावल्याने साखर आटोक्यात येत नाही. व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही हवेत. मात्र वजने उचलण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर जोर लावताना रक्तस्राव होऊ शकतो.

पायांकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. मुंग्या येणे, बधिरपणा किंवा चप्पल निसटल्याचे न कळणे, ही मज्जातंतू बिघडल्याची लक्षणे असू शकतात. अशा पायाला बुटातला खडा टोचत नाही आणि टाचेवरचा फोडही दुखत नाही. बूट घालण्यापूर्वी हात आत घालून चाचपावे. मोजे कोरडे आणि शिवणीचा त्रास न देणारे असावेत. घरी आल्यावर तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या आरशात किंवा घरातल्या कुणाकडून पाहून घ्याव्यात. अनवाणी धावणे किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे कटाक्षाने टाळावे. भोवरी ब्लेडने कापू नये, फोड सुईने फोडू नये. कातडी उघडी पडली असेल, लाली पसरत असेल किंवा पू दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि जखम भरेपर्यंत धावणे थांबवून हातांच्या व्यायामावर भागवावे.