लॉनची घट्ट झालेली माती मोकळी कशी करावी

पाणी वेळेवर, खत वेळेवर, तरीही गवत पिवळट आणि विरळ. पाणी सोडलं की मुरायच्या आधी वरच साचतं. अशा वेळी खत वाढवण्याचा मोह होतो, पण दोष पुष्कळदा मातीच्या घट्टपणात असतो. रोजची ये-जा, खेळ, कापणी यंत्राचं वजन यांमुळे वरची ५ ते १० सेंटीमीटर माती दाबली जाते. चांगल्या मातीच्या आकारमानात जवळपास निम्म्या पोकळ्या असतात, त्यांत हवा आणि पाणी खेळतं. त्या दबल्या की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती वरवरच पसरतात आणि ऊन वाढताच गवत करपतं. यावर उपाय म्हणजे लॉनमध्ये जवळजवळ छोटी भोकं पाडून माती मोकळी करणं.

खात्री करून घ्यायला स्क्रू ड्रायव्हर पुरेसा आहे. ओलसर मातीत तो हाताने १० सेंटीमीटरपर्यंत सहज गेला, तर लॉनला हात लावू नका. पायवाटेच्या कडेला अडतो आणि कोपऱ्यात सरळ जातो, असंही होतं. मग कडेपुरतंच काम करा. सगळं लॉन पोखरलंच पाहिजे असं नाही.

वेळ निवडताना गवताची वाढ बघायची. हरळीसारखी उष्ण हवेतली गवतं वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जोमात असतात. थंड हवेतल्या गवतांना शरदाची सुरुवात मानवते. वाढ थांबलेल्या किंवा पाण्याच्या ताणातल्या गवताला भोकं पाडली, तर जखमा भरून येत नाहीत आणि मोकळ्या जागी तण घुसतं. नवीन लॉनला पहिलं वर्षभर तरी सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: मातीला वाफसा, म्हणजे बेताचा ओलावा हवा. अवजार कितीही चांगलं असो, कोरड्या मातीत दाते शिरत नाहीत आणि चिखलात ते माती आणखीच चेपतात. आदल्या दिवशी साधारण २.५ सेंटीमीटर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला, की सुरुवात करा. हाताला चिकटत असेल तर आणखी एक दिवस थांबा.

अवजार पोकळ दात्यांचं घ्या. ते मातीची गुंडाळी कापून बाहेर काढतं, त्यामुळे खरोखर जागा होते. खिळ्यांच्या चपला घालून लॉनवर फिरण्याची कल्पना मजेशीर आहे, पण खिळा माती काढत नाही, बाजूला ढकलतो. भोकाभोवती ती अधिकच घट्ट होते. मोठ्या लॉनसाठी यंत्र भाड्याने घ्यावं. लहान तुकड्याला पोकळ दात्यांचा हाती काटा चालतो. तोही नसेल, तर साधा बागेचा काटा १० सेंटीमीटर खुपसून किंचित मागे झुकवा आणि सरळ वर काढा.

काम सुरू करण्याआधी गवत नेहमीपेक्षा थोडं आखूड कापा, दगड वेचा आणि तुषार सिंचनाची तोंडं, उथळ नळ्या, वायरी कुठे आहेत तिथे खुणा करा. ही शेवटची गोष्ट विसरली जाते आणि मग खर्चात पाडते.

भोकं ५ ते ७ सेंटीमीटर खोल आणि एकमेकांपासून ५ ते १० सेंटीमीटरवर असावीत. एकदा उभं फिरा, मग जास्त वर्दळीच्या भागात आडवं. बाहेर पडलेल्या गुंडाळ्या कुरूप दिसतात खऱ्या, पण झाडून टाकू नका. त्या सुकल्या की खराट्याने फोडा. ती माती गवतात मिसळून जाते आणि पात्यांखाली साचलेला मृत काड्यांचा थर कुजायलाही मदत करते.

भोकं उघडी आहेत तोवरच त्यांचा फायदा घ्या. चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट अर्धा ते एक सेंटीमीटर पसरा आणि खराट्याने भोकांत ढकला. गवताचे शेंडे वर दिसले पाहिजेत. विरळ जागी बी टाकायचं असेल तर हीच वेळ. चिकण मातीत वाळू भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण थोडीशी वाळू तिथे काही सुधारत नाही, कंपोस्टच बरं. मग हलकं पाणी द्या आणि बी पेरलं असेल तर रुजेपर्यंत वरची माती सुकू देऊ नका.

चिकण मातीला किंवा भरपूर वर्दळीच्या लॉनला हे वर्षातून एकदा लागतं. रेताड मातीला क्वचितच, तेही आधी स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितल्यावर.